ताटावरचा रुमाल आणि सात बिऱ्हाडांची दिवाळी

रानजाई | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

माळ्यावरची आईची ट्रंक आज उघडली. ती जाऊन दीड वर्ष झालं, पण ट्रंकेला हात लावायचं होत नव्हतं. दिवाळीची साफसफाई हे निमित्त. पितळेच्या सोऱ्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले क्रोशाचे रुमाल निघाले.

नव्या मंडळींसाठी: खिशातला रुमाल नव्हे. फराळाचं ताट शेजारी न्यायचं तर उघडं नेत नसत, त्यावर घालायचा विणलेला गोल जाळीचा रुमाल. कडेला मणी ओवलेले. मणी शोभेला असतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ते वजनाला असतात, वाऱ्यानं रुमाल उडू नये म्हणून.

कराडच्या सोमवार पेठेत आमचा वाडा. सात बिऱ्हाडं, एक आड, दोन संडास. मी सांगतेय ते साधारण १९७६ ते ८८ या काळातलं. सहामाही परीक्षा संपली की वाड्यात दुपारी भाजणीचा वास सुटायचा आणि वसुबारसेपासून आम्हा पोरांच्या ताट घेऊन खेपा सुरू. ताट पोचवणं हे मुलांचं काम. नियम ठरलेला: उंबऱ्यात उभं राहायचं, "आईनं दिलंय" म्हणायचं आणि थांबायचं. काकू ताट आत नेणार, फराळ काढून घेणार, ताट मात्र रिकामं परत देणार नाहीत. त्यांचा फराळ झाला असेल तर तो, नसेल तर चिमूटभर साखर.

वाटेत आम्ही जकात घ्यायचो. करंज्या मोजून घातलेल्या असत, तिथं हात घालायची सोय नाही. लाडवाचंही तेच. चिवडा मात्र बिनबोभाट. मूठभर उचलायचा आणि ताट हलकेच हलवायचं, खड्डा बुजतो.

कोणाच्या घरचं काय खायचं याची आमची पक्की यादी होती. मास्तरांच्या घरच्या चिवड्यात खोबऱ्याचे काप मोजून चार. वरच्या मजल्यावरच्या आजींचे अनरसे दर वर्षी तुपात हसायचे, आणि आजी दर वर्षी तांदळाला नावं ठेवायच्या. कोपऱ्यातल्या काकूंची चकली म्हणजे दातांची परीक्षा.

तर रुमाल सात निघाले. सहा आईचे, लाल मण्यांचे. सातवा पांढऱ्या मण्यांचा, तो आमचा नाही. कुणाचा तरी ताटावरून आला आणि राहिला. तुमच्याकडे आहेत का असे रुमाल? आणि मुलं अजून ताटं नेतात का?

खडूस_काका | १२ ऑक्टोबर, रात्री ११:२५

नेतात की. आमच्या सोसायटीत वॉचमन नेतो.

गेल्या वर्षी हौसेनं नातवाला समोरच्या फ्लॅटमध्ये ताट घेऊन पाठवलं. दार किलकिलं झालं, आतून प्रश्न आला, "कुठल्या ॲपवरून आलास?" नातू घाबरून ताटासकट परत. चकल्या मीच खाल्ल्या. तक्रार नाही.

हळीव | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

रानजाई, मस्त लिहिलंय. आम्ही कृष्णेच्याच काठचे, पण साताऱ्याकडचे. माझी दिवाळी म्हणजे किल्ला. ताटं बहिणी न्यायच्या, आम्ही चिखलात.

आधी दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चाळलेली माती. गोणपाट नसेल तर दुसऱ्याच दिवशी माती घसरते, हे कुणी शिकवत नाही, एकदा किल्ला ढासळला की कळतं. बुरुज डब्यावर थापून करायचे. गडावर पाणी हवंच, म्हणून करवंटी पुरून टाकं. दवाखान्यातली सलाईनची नळी मिळाली की कारंजं. ती नळी मिळवण्यासाठी कंपाउंडरच्या मुलाला आठवडाभर संघात घ्यावं लागायचं, तो एक नंबरचा आळशी असला तरी.

आणि हळीव. (आयडीचं मूळ तेच.) वसुबारसेच्या चार दिवस आधी ओल्या मातीवर हळीव किंवा मोहरी विस्कटायची, धनत्रयोदशीला डोंगर हिरवा. एका वर्षी घाईत कोंबडीच्या डोळ्यांदेखत पेरलं. पुढचं सांगत नाही.

मावळे कुंभाराकडून यायचे. महाराज सिंहासनावर बसलेले नऊ इंचांचे आणि महादरवाजा चार इंचांचा. महाराज गडावर गेले कसे, असं एका पाहुण्यांनी विचारलं होतं. धाकटा भाऊ म्हणाला, "आधी महाराज बसवले, मग दरवाजा बांधला."

यंदा जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, ११ आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. जिंजी आम्ही ८४ सालीच केला होता, पुस्तकातल्या चित्रावरून. तिन्ही डोंगर करायला माती पुरली नाही म्हणून दोनावर भागवलं. आता बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. नावं ठेवत नाही. पण त्यावर हळीव उगवत नाही.

दुपारचा_चहा | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

वय २३, पुणे. मला दर दिवाळीला हा प्रश्न पडतो: तुमच्या पिढीला 'साधं' म्हणजे नक्की काय आठवतं? परवा आत्या सांगत होती, आम्ही लहानपणी पहाटे उठून मोती साबण लावायचो. बाबा म्हणाले, आपल्याकडे कुठला मोती, आपल्याकडे लाल लाइफबॉय होता, आणि तोही कापडं धुवून उरलेला. दोघं सख्खे भाऊ-बहीण, एका न्हाणीघरात वाढलेले! मग वाद. पहाटे मोती साबणासाठी सगळी चाळ उठवणारी ती जाहिरात अलीकडची आहे, माझ्या शाळेच्या दिवसांतली. म्हणजे निम्म्या लोकांना जाहिरातीतली दिवाळी आठवते आणि ती त्यांना स्वतःची वाटते.

(भांडायला आलो नाही. रुमालाचं आवडलं.)

रानजाई | १३ ऑक्टोबर, सायं. ६:३०

@दुपारचा_चहा, भांड की. आमच्याकडे मोती यायचा, पण एकच वडी सगळ्यांत, आणि पाडव्यानंतर ती पुसून कागदात गुंडाळून कपाटात, साड्यांना वास लागावा म्हणून. उटणं मात्र घरचं. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा, गुलाबकळी. काष्ठौषधीच्या दुकानातून आणून कुटायचं. कुटताना जी शिंकायची तिला चहा मिळायचा.

तिरफळ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१५

गोव्यातल्या फोंड्याहून. आमच्याकडे दिवाळी म्हणजे पोहे. चकली-करंजीचं कौतुक तुमच्या घाटावर. नरकचतुर्दशीच्या सकाळी दुधातले, ताकातले, गुळाचे, बटाट्याचे, नारळाच्या रसातले असे पाच तऱ्हेचे पोहे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. शेजाऱ्यांकडे पोहे खायला जायचं आणि त्यांनी आपल्याकडे यायचं. त्यामुळे ताट नको नि रुमाल नको, ताटाऐवजी माणूसच फिरतो. दहा वाजेपर्यंत पाच घरं झालेली असायची आणि पोट असं तट्ट की बसता येत नसे.

त्याआधी पहाटे अंधारात तुळशीपुढं डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं. कडू इतकं की जिभेला टेकवलं की डोळे उघडतात, वेगळा चहा नको.

नरकासुर आम्ही गवत भरून करायचो. वडिलांची फाटकी पँट, तोंडाला कागदाचा मुखवटा, आत चार फटाके. उंची आमच्याएवढीच. आता वाड्यावाड्यांवर पंचवीस-तीस फुटी असुर उभे राहतात, स्पर्धा आणि बक्षिसं असतात, रात्रभर स्पीकर दणदणतात. मुलगा मंडळात आहे, रात्र जागवतो आणि पहाटे असुर जाळून येऊन झोपतो तो दुपारी उठतो. पोहे त्याच्यासाठी झाकून ठेवायचे. कृष्णानं असुराला मारलं म्हणून दिवाळी, आणि आमच्याकडे रात्रभर मान असुराचा. पण खरं सांगू, तो मुखवटा रंगवतो ना, तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिलाय. सातवीत मी तसाच दिसत असेन.

भोंगा | १४ ऑक्टोबर, दुपारी १:२०

लालबागचा. वडील कापड गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर.

'साधी दिवाळी' म्हटलं की मला १९८२ आठवतं. जानेवारीच्या १८ तारखेला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. दिवाळी आली नोव्हेंबरच्या मध्यात. दहा महिने पगार नाही, बोनसचा तर प्रश्नच नाही. एरवी चाळीत दिवाळीचा हिशोब बोनसवर चालायचा. कायद्यानं किमान ८.३३ टक्के. हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता, कारण वडील आणि त्यांचे दोस्त गॅलरीत बसून तेवढाच बोलायचे.

त्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना कुलपं. माणसं गावी, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, साताऱ्यात. जे राहिले त्यांनी चुरमुऱ्यांचा चिवडा केला. फक्त तेवढाच. आणि रानजाईताई, तो एकमेकांना ताटातून पाठवला. प्रत्येक घरी चिवडा असताना चिवड्याची ताटं इकडून तिकडे. मी आईला विचारलं, आपल्याकडे आहे तोच त्यांना कशाला? ती म्हणाली, "गप नेऊन दे." कंदील मागल्या वर्षीचाच होता, बांबूच्या कामट्या शाबूत होत्या, पतंगाचा कागद नवा चिकटवला. खळ गव्हाच्या पिठाची केली, तेवढ्यावरूनही घरात बोलणं झालं.

ती दिवाळी परत यावी असं मला वाटत नाही. पण आठवते तीच. बोनसच्या वर्षांतली एकही धड आठवत नाही.

चूल_आणि_मी | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:००

सगळं वाचलं. एक निरीक्षण. या धाग्यावर ताटं नेणारी मुलं जमली आहेत. ताटं भरणारी एकही नाही.

माझी आई नोकरी करायची. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस ती रात्री साडेनऊला कढई ठेवायची. आम्ही झोपायचो, ती करंज्या लाटायची, आजी कातणीनं कापायची, दोघी न बोलता. एक वाजता गॅस बंद. सकाळी सहाला पाणी यायचं तेव्हा ती पुन्हा उभी. तिला दिवाळीबद्दल काय वाटायचं हे मी तिला परवा पहिल्यांदा विचारलं, वयाच्या ५१व्या वर्षी. म्हणाली, "पाय दुखायचे."

मी सगळा फराळ बचत गटाच्या बायकांकडून विकत घेते. किलोचा भाव ठरलेला, पैसे रोख. त्या बायकांच्या घरची दिवाळी त्या पैशांवर होते. मला यात काही हरवल्यासारखं वाटत नाही.

खडूस_काका | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

@चूल_आणि_मी, अनुमोदन. आमची ही एवढंच म्हणाली, "तुम्ही चिवडा हलवायला बसायचात आणि सगळ्यांना सांगायचात, चिवडा मी केला." पुरावे तिच्याकडे आहेत. धागा सोडून जातो.

कोयता | १५ ऑक्टोबर, रात्री १०:१०

मी बीड जिल्ह्यातला, शिक्षक. लिहू का नको असा विचार दोन दिवस केला.

आमची दिवाळी कधी गावात व्हायची, कधी वाटेत. दसरा झाला की मुकादम ऊसतोडीसाठी टोळी गोळा करायचा. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली आणि खर्चलेली. कारखाना लवकर पेटला की दिवाळीआधीच बैलगाडीत भांडी, बाजरी, शेळी आणि आम्ही. मग उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या, वाळल्या पाल्याच्या कोप्या (झोपड्या). तुम्ही सगळे कंदिलाचं बोलताय. पाचटाच्या कोपीला कंदील लावत नाहीत. पेट घेते.

आमच्या गावाकडे दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. आईनं एका वर्षी त्या कोपीपुढं घातल्या. शेण आमच्याच बैलांचं. वर उसाच्या फुलाचे तुरे खोचले. शेजारच्या कोपीतल्या बाईनं येऊन पाहिल्या, मग तिनंही घातल्या. सकाळी चारला टोळी फडात गेली. आल्यावर बघितलं तर गवळणी ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेलेल्या.

ऊस आम्ही तोडायचो, समोर धुराडं दिसायचं, आणि चहा गुळाचा. साखर किराणा दुकानात विकत. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, तेव्हा त्यात काही विचित्र आहे हेही कळत नव्हतं. मी ज्या वर्षी आजीजवळ गावात राहिलो त्या वर्षी शिकलो, म्हणून आज इथं टाइप करतोय. पण त्या वर्षी दिवाळीला आई नव्हती. पाडव्याला आजीनं ओवाळलं, 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणाली, आणि मी तिला विचारलं, बळीचं राज्य आलं की आई येईल का.

आता माझ्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्मी बाकं रिकामी होतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात थांबतात, सगळी नाही. यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळे टोळ्या जास्त निघतील असं दिसतंय. दिवाळीचा अभ्यास म्हणून मी रोज एक पान शुद्धलेखन देत नाही. 'जिथं असाल तिथं काय दिसतं ते लिहा' एवढंच देतो. गेल्या वर्षी एका मुलीनं लिहिलं होतं, "इथं सगळीकडं उसच दिसतो. वर चांदण्या."

दुपारचा_चहा | १५ ऑक्टोबर, रात्री ११:३०

सर, काय बोलावं कळत नाही.

माझा प्रश्न मात्र आता उलटा झालाय. धागा आठवणींचा होता, पण भोंगाकाका आणि कोयतासरांचं वाचून वाटतं, 'साधी' म्हणजे अनेकांसाठी फक्त 'कमी' होती. सात बिऱ्हाडांच्या वाड्यातल्यांना ती साधी वाटते कारण त्यांना कमी पडत नव्हतं. रानजाईताई, राग मानू नका.

रानजाई | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

राग नाही. पण एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिली नव्हती, ती लिहिते.

१९८३च्या श्रावणात बाबा गेले. मी नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. घरात माणूस गेलं की त्या वर्षी सण नाही, तळण नाही, कढई चढवत नाहीत. दिवाळीत आमच्या दाराला कंदील नव्हता. मला वाटलं होतं, या वर्षी आपल्याकडे कुणी ताट पाठवणार नाही, कारण आपण उलट काही देऊ शकत नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळपासून सहाही घरांतून ताटं आली. नेहमीपेक्षा मोठी. आणि त्या वर्षी ती मुलांच्या हातून आली नाहीत. काकू स्वतः आल्या. उंबऱ्यात थांबल्या नाहीत, आत येऊन बसल्या. कुणी फार बोललं नाही. मास्तरांच्या घरच्या चिवड्यात खोबरं किती होतं ते मी मोजलं होतं. मोजायचंच थांबवलं शेवटी.

ताटं परत करायची तर रिकामी द्यायची नाहीत. रेशनची साखर दिवाळीला थोडी जास्त मिळायची, ती आईनं सहा ताटांत चिमूट-चिमूट घातली आणि मला पाठवलं. वाटेत जकातीचा विचारही मनात आला नाही. ती घाई-गडबड अशी होती की कुणाचा रुमाल कुठल्या ताटावर गेला याचा हिशोब राहिला नाही, आणि एक आमच्याकडे राहिला. पांढऱ्या मण्यांचा.

तर @दुपारचा_चहा, त्या वाड्यातही कमी पडायचं, रोजच. तुझं म्हणणं खोटं नाही. पण माझ्यापुरतं 'साधी दिवाळी' म्हणजे स्वस्त दिवाळी नव्हे. कुणाच्या घरी कढई चढली नाही हे सगळ्या वाड्याला न सांगता ठाऊक असायचं, ती दिवाळी. आता माझ्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. समोरच्यांचे वडील मार्चमध्ये गेले, मला जुलैत कळलं. तेही लिफ्टमध्ये.

भोंगा | १६ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

आईनं मला "गप नेऊन दे" का म्हटलं ते आज कळलं बहुतेक.

दंडार | १६ ऑक्टोबर, रात्री ८:४५

भंडाऱ्याकडचा. वातावरण जड झालंय म्हणून थोडं अवांतर. आमच्याकडे किल्ले-बिल्ले नाहीत. पाडव्याला गायगोधन, गोवारी मंडळी ढाल घेऊन वाजतगाजत नाचत येतात. आणि खरी मजा भाऊबीजेनंतर, तेव्हा गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडार (आमचं लोकनाट्य), रात्री नाटक. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा हंगाम तिथून सुरू होतो, वडशाला नाटक कंपन्यांची बुकिंग चालतात. रात्री दहाला पडदा वर, सकाळी पाचला खाली. आम्ही घोंगडी घेऊन पुढं बसायचो आणि दुसऱ्या अंकात झोपायचो. लेकीबाळी भाऊबीजेला येतात त्या मंडई होईपर्यंत राहतात. आमची मंडई अजून भरते, माणसं अजून येतात. त्यामुळे मला 'राहिलं नाही, राहिलं नाही' असं फार वाटत नाही. या कधी.

कंदील_ईशान्य | १७ ऑक्टोबर, सकाळी ५:२०

न्यू यॉर्कहून, तुमची वसुबारस सुरू होतेय आणि आमच्याकडे गुरुवार रात्र.

इथल्या सरकारी शाळांना गेल्या वर्षीपासून दिवाळीची सुट्टी असते. मुलाला पहिल्यांदा सुट्टी मिळाली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्याला पहाटे पाचला उठवून तेल लावलं. तो म्हणाला, "आई, सुट्टी आहे ना, मग का उठवलंस?" उत्तर मिळालं नाही.

दर वर्षी चकल्या तळताना स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म वाजतो. नवरा खाली पुठ्ठा हलवत उभा राहतो. आमच्या घरचा पहिला फटाका तोच. शेजारच्या आयरिश आजींना अलार्म ऐकला की कळतं, दिवाळी आली, आणि त्या स्वतःच बशी घेऊन येतात. दोन वर्षांपूर्वी बशी परत करताना मी सवयीनं त्यावर साखर घातली. त्यांनी साखर पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या वेळी बशीतून सफरचंदाचा केक आला.

रानजाई, तो रुमाल परत करा. बेचाळीस वर्षं झाली म्हणून काय झालं.

खडूस_काका | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:००

व्याज लागेल. वर्षाला दोन चकल्या धरल्या तरी चौऱ्याऐंशी.

रानजाई | २५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

तर झालं असं.

मी हिशोब केला: मास्तरांकडचे रुमाल चौकोनी होते, वरच्या आजी विणतच नसत, म्हणजे पांढरे मणी कोपऱ्यातल्या काकूंचेच. काकू आता ८३ वर्षांच्या, सांगलीला लेकीकडे. नंबर भावानं शोधला. भाऊबीजेला माहेर म्हणून भावाकडे कराडला गेलेच होते, दुसऱ्या दिवशी एस.टी.नं सांगली. ताट भरलं: लाडू, करंज्या, शंकरपाळे, चिवडा. चिवड्यात खोबऱ्याचे काप भरपूर. वरून पांढऱ्या मण्यांचा रुमाल. एस.टी.त ताट मांडीवर, आणि शेजारच्या पोराची नजर चिवड्यावर. त्याला दिला थोडा. ताट हलवून खड्डा बुजवला.

काकूंनी ओळखलं. आईच्या नावानं हाक मारली आधी, मग माझ्या. रुमाल हातात घेतला, उलटा केला, कडेचे मणी चष्म्याजवळ नेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "हा आमचा नव्हे गं. आमचे निळे."

मी थक्क. मग कुणाचा? त्यांनी दहा मिनिटं विचार केला, दोन बिऱ्हाडांची नावं घेतली, त्यातलं एक त्या वर्षी वाड्यात नव्हतंच असं लेक म्हणाली. वाद झाला. चहा झाला. बाबांचं नाव एकदाच निघालं, तेही काकू म्हणाल्या, "तुझे वडील माझी चकली चहात बुडवून खायचे, दुसरा मार्गच नव्हता."

निघताना त्यांनी ताटात अनरसे घातले, लेकीनं केलेले. आणि तोच रुमाल वर घालून ताट माझ्या हातात दिलं. "कुणाचा ते सापडेपर्यंत ठेव." म्हणजे रुमाल परत माझ्याच ट्रंकेत.

समोरच्या फ्लॅटमध्येही ताट दिलं. ते सांगायचं राहिलं. त्यांच्याकडे या वर्षी काही केलं नव्हतं. बाई उंबऱ्यातच उभ्या राहून रडल्या, मग म्हणाल्या आत या. ताट अजून आलेलं नाही. मागायचं नाही असं ठरवलंय.

चूल_आणि_मी | २५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

करंज्या कुणी केल्या, हे विचारायला आले होते. राहू दे.

रानजाई | २५ ऑक्टोबर, रात्री १०:३५

लाडू मी. करंज्या बचत गट. चिवडा भाऊ, आणि खरंच त्यानंच.

दुपारचा_चहा | २६ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

एक तांत्रिक शंका. तुळशीच्या लग्नाच्या आत मला चकल्या करायच्या आहेत. काल रूमवर पहिला घाणा काढला. भाजणी विकतची. तळताना छान दिसल्या, डब्यात भरल्यावर तासाभरात मऊ. दुसरा घाणा सोऱ्यातून निघतानाच तुटत होता. काय चुकलं? सगळ्या मजल्यावर आम्ही चौघं मुलगेच राहतो, विचारायला कुणी नाही. म्हणजे समोर एक आजी-आजोबा आहेत, पण त्यांच्याचसाठी करतोय.

चूल_आणि_मी | २६ ऑक्टोबर, दुपारी १:४०

मऊ पडल्या म्हणजे आतून कच्च्या राहिल्या. तेल जास्त तापलं असणार, वरून रंग आला आणि तू काढल्यास. चकली टाकताना आच मोठी, मग मध्यम, आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत काढायची नाही. गार होण्याआधी डब्यात भरायची नाही, वाफ धरते.

तुटतायत तर पीठ कोरडं झालंय किंवा मोहन जास्त पडलंय. वाटीभर भाजणीला वाटीभर उकळतं पाणी आणि एक मोठा चमचा कडकडीत तेल, बस. झाकून अर्धा तास ठेव. मग एकदम सगळं नको, सोऱ्यात मावेल तेवढाच गोळा घेऊन पाण्याच्या हातानं मळ. आणि पुढच्या वर्षी भाजणी घरी कर: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, धणे, जिरे, सगळं धुऊन वाळवून वेगवेगळं भाज.

दुपारचा_चहा | २६ ऑक्टोबर, रात्री ८:२०

जमल्या!! पहिल्या चार वाकड्या, त्या आम्ही खाल्ल्या. ताट नाहीये, स्टीलची परात आहे. रुमाल अर्थातच नाही. वर्तमानपत्र झाकलं तर चालेल का?

रानजाई | २६ ऑक्टोबर, रात्री ८:३५

चालेल. वाऱ्यानं उडणार नाही एवढं बघ.